नीलव्वाची तंगी

नीलव्वा पहिल्याच दिवशी मला "ए तंगी" म्हणाली आणि मी डबा अर्धा टाकून उठले. तळवड्याच्या एका शेडमध्ये आम्ही प्लास्टिकचे पार्ट पुसून पिशव्यांत भरायचो. मला वाटलं, माझ्या घरातली ओढाताण हिला कोणीतरी सांगितली आणि ही चारचौघींत टोमणा मारतेय. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग तीच हसत आली. "अगं, आमच्या कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. तुमचा तंगी तुमच्याकडे ठेव."

ती विजापूरकडची. मराठी मोडकं बोलायची, पण सुपरवायझरपुढेही तिचा आवाज खाली यायचा नाही. "या खुर्चीनं माझा साडी फाटला. दुसरा खुर्ची दे." बायका हसल्या की म्हणायची, "हसा की! मोडलं तर मोडू दे. भाषा काय काचेची हाय का?" मला मराठी नीट येत असून मी तोंड उघडत नव्हते.

माझ्या मुलीनं, सुजातानं, चाकणच्या कंपनीतला मुलगा पसंत केला. त्याची आई गावाहून येणार होती. तिला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. सुजाता म्हणाली, "तो अर्थ सांगेल गं, पण तू नेहमीसारखी गप्प बसलीस तर त्यांना वाटेल, तुला हे लग्नच नको. मग त्याही नको म्हणतील."

जेवणाच्या सुट्टीत नीलव्वानं मला कन्नड शिकवायला घेतलं.

"दारात आली तर काय म्हणशील?"

"बा."

तिनं माझ्या हातावर चापट मारली. "बा म्हणजे ये. ते घरच्या माणसाला. विहिणीला 'बर्री' म्हण, या. नाहीतर उठून जाईल ती."

बर्री, या. कूड्री, बसा. नन्न हेसरु सुमन, माझं नाव सुमन. मी सगळं एका लेबलामागे लिहून घेतलं. "त्या दिवशी मी बसते की तुझ्या बाजूला," ती म्हणाली.

त्याच सकाळी तिचा फोन आला. गावी नवऱ्याला झटका आला होता आणि ती गाडीत बसली होती. मला रडू फुटलं. तेवढ्यातही ती म्हणाली, "बोल की. मोडून बोल."

पाहुणे आले. मुलाची आई हसत नव्हती. मी "बर्री" म्हणाले, "कूड्री" म्हणाले. त्या बसल्या. आणि पुढचं सगळं डोक्यातून गेलं. लेबल स्वयंपाकघरात राहिलेलं. सुजाता ओढणीचं टोक पिळत होती. मला रोज कानावर पडलेला एकच शब्द आठवला. छातीवर हात ठेवून मी म्हणाले, "ना... निम्म तंगी." मी तुमची धाकटी बहीण.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग सरकून त्यांनी शेजारी जागा केली. "बा तंगी," म्हणाल्या.

नीलव्वा परत कामावर आली नाही, नवऱ्यापाशीच राहिली. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर संध्याकाळी मी तिला फोन केला. तिनं आधी हेच विचारलं, "बर्री म्हणालीस, का बा?"

"बर्री म्हणाले."

"आणि ती?"

"ती मला बा म्हणाली."

"मग झाला की लग्न," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.