गुणाबाईंची गिरण

सोमवारी सकाळी दार वाजलं तेव्हा गुणाबाई ओट्याशी उभ्या राहून उकळलेल्या पालेभाजीचं पाणी ओतून देत होत्या. भाजीतला सगळा जीव असा रोज मोरीत जायचा आणि उरलेला चोथा त्या जेवायच्या. कारण भाजीतले क्षार गाळणाऱ्या त्यांच्या मूत्रपिंडांनी सहा वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता.

"कोनी पन असू दे, मी घरात नाय म्हनून सांग," त्या सुनेवर ओरडल्या.

किशोरीनं दार उघडलं. "सासूबाई घरात नाहीत," ती म्हणाली आणि तिलाच हसू फुटलं.

"ऐकलं मी, त्यांनी स्वतःच सांगितलं," असं म्हणत स्नेहल मॅडम आत आल्या. डायलिसिस केंद्रातल्या या मुख्य तंत्रज्ञ. "आजी, फोन का बंद? आज प्रशिक्षण आहे. सहा जण आलेत, दोन तर डॉक्टर आहेत. खाली रिक्षा थांबवलीय."

आता प्रशिक्षणाला गुणाबाई कशाला? तर त्यांच्या डाव्या हातासाठी. मनगटाजवळ ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेली होती. त्याला फिस्च्युला म्हणतात. धमनीतलं रक्त धो धो शिरेत येतं, शीर दोरखंडासारखी जाड होते आणि वर बोटं ठेवली की आतून अखंड घरघर लागते. गुणाबाई तिला गिरण म्हणायच्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार याच शिरेत दोन जाड सुया जायच्या, म्हणून बाई चालत्या-बोलत्या होत्या. केंद्रात नवी मंडळी शिकायला आली की गुणाबाईंचा हात पाहुणा म्हणून जायचा आणि गुणाबाई त्याच्याबरोबर जायच्या. तिथे एक रबरी हातही होता, पण त्याला शिव्या देता येत नसत. या मात्र सुनवायच्या, "बाजारात पापलेट घेताना कल्ला उघडून बगतेस ना? मग माज्या हातावर येवडा भरोसा कसला? आदी बग, मंग चाचप, मंग कान लाव. सुई काय पळून जात नाय."

आज मात्र या गुरुमाऊलींचा पाय घरातून निघत नव्हता.

शनिवारी डायलिसिस उरकून त्या चिरनेरला माहेरी गेल्या होत्या. भाच्याची, दीपेशची हळद होती. मांडवात कासार बसला होता. गुणाबाईंनी फक्त उजवा हात पुढे केला तर भावजय सगळ्यांदेखत म्हणाली, "वन्सं, येक हात भुंडा ठेवतेस? दाजी हायत ना जिवंत?" दाजी, म्हणजे गुणाबाईंचे यजमान धर्मराज, तिथेच तिसऱ्यांदा मटण वाढून घेत होते. चार बाया हसल्या. जी बाई डॉक्टरांना दरडावून सांगते की या हातावर घड्याळसुद्धा नको, तिनं निमूट डावा हात पुढे केला. कासारानं अकरा हिरव्या बांगड्या दाबून चढवल्या, वर दोन तोडे आले. लग्न लागून रविवारी रात्री घरी आल्यावर साबण लावून सगळं उतरवलं. सोमवारी पहाटे हात लावून बघतात तर घरघर नाही. नुसती धडक. ठाक, ठाक, ठाक.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. फिस्च्युला गेली की डायलिसिससाठी मानेत नळी. पहिल्या वर्षी ती तीन महिने होती. नळीपायी तापानं फणफणून त्या दोनदा दवाखान्यात पडल्या होत्या. उद्या डायलिसिसला जाऊच, तोवर होईल सुरू, असं स्वतःला समजावत त्या रिक्षात बसल्या.

केंद्रात स्नेहल मॅडमनी घाईघाईत त्यांना खुर्चीत बसवलं आणि हात लावायच्या आधीच जाहीर केलं, "ही आमच्याकडची सगळ्यात सुंदर फिस्च्युला!"

झालं. पहिला दाढीवाला डॉक्टर कल्पेश. त्यानं दोन बोटं टेकवली न टेकवली तोच म्हणाला, "एक्सलंट थ्रिल, मॅडम." थ्रिल म्हणजे तीच घरघर. दुसऱ्यानं स्टेथोस्कोप कानाला लावून मान डोलावली. तिसरी, चौथी, पाचवा. सगळ्यांना सुंदरच लागली. गुणाबाईंच्या मनात आलं, शिकलेली माणसं चुकतील होय? ठीकच असेल. दुसरं मन म्हणालं, हे लोक पापलेट घ्यायला गेले तर कुजकं घेऊन येतील.

शेवटी उरणची रंजिता आली. मुलगी गप्प. तिनं बोटं ठेवली ती उचलेचना. मग तिनं तळवा ठेवला. मग विचारलं, "आजी, हात जरा वर धरू?"

हात डोक्याच्या वर गेला. एरवी वर केला की शीर बसते, सैल पडते. ही तशीच टम्म राहिली.

"मॅडम, घरघर नाहीये. ठोके लागतायत. आणि शीर बसत नाहीये. वर कुठेतरी वाट अरुंद झाली असेल का?"

कल्पेश हसला. स्नेहल मॅडमचा आवाज चढला. "रंजिता, सहा वर्षांची फिस्च्युला आहे ही. पुस्तकातलं सगळं इथे शोधू नकोस."

पोरीचा चेहरा पडला. ती हात काढून घ्यायला लागली, तसा गुणाबाईंनी तो उजव्या हातानं गच्च धरला.

"तिला कशाला वराडता? बरोबर बोलते पोर. पहाटेपासून बिगारलंय. मी दोन दीस अकरा बांगड्या भरल्या व्हत्या. तोडे पन." मग कल्पेशकडे वळून, "आन तू रं डॉक्टर? मेलेल्या माशाला पन एक्सलंट बोलशील!"

स्नेहल मॅडमनी हात लावला, डोळे मिटले आणि हळूच म्हणाल्या, "सॉरी, रंजिता."

मोठे डॉक्टर आले, सोनोग्राफी झाली. शीर मनगटाच्या वर चार बोटांवर आवळलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, हे बरेच महिने हळूहळू होत असणार. बांगड्यांनी वर आणखी गळा दाबला. रक्त अजून गोठलेलं नाही हे नशीब. उद्या सकाळी डायलिसिसच्या आधी आतून बारीक फुगा घालून वाट मोकळी करू.

"आन नाय झाली तर?"

"तर काही दिवस मानेत नळी," डॉक्टरांनी सरळ सांगितलं. "आणखी काही विचारायचंय, आजी?"

गुणाबाईंनी रंजिताकडे पाहिलं. ती मागे भिंतीला टेकून उभी होती.

"विचारायचं नाय, मागायचं हाय. उद्या फुगा घालून झाला की मशीन लावायच्या आदी या पोरीला आत घ्या. पयला हात तिचा लागू द्या. गिरण चालू झाली का नाय, ते मला तिच्याकडनं ऐकायचं हाय."