न चढलेला पारा

हवामान केंद्रातल्या निरीक्षक बाईंना बंदरावर सगळे ‘पाराबाई’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. दर तीन तासांनी बॅरोमीटरमधला पारा बघायचा, हवेच्या दाबाचा आकडा वहीत लिहायचा आणि मुख्य कार्यालयाला कळवायचा, हे काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. स्वभावही नावाला शोभेल असाच होता, हे त्यांच्याशी एकदा तरी वाद घातलेला कुणीही सांगेल.

नाव मात्र पडलं ते नोकरीच्या पहिल्याच महिन्यात. पारा झपाट्यानं उतरला की वादळ आलंच समजा, असं बाईंनी पुस्तकात वाचलं होतं. एके दिवशी सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत पारा साडेतीन मिलिबारनं उतरला. बाईंचं धाबं दणाणलं. साहेब जेवायला गेलेले. बाईंनी कुणाला न विचारता थेट बंदरावर फोन लावला. धोक्याचा बावटा चढला, होड्या परत फिरल्या, धक्क्यावरच्या दुकानांनी फळ्या लावून घेतल्या. आणि मग संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन.

म्हातारे साहेब परत आले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो बाई, ते पुस्तक थंड मुलखातल्या माणसानं लिहिलंय. आपल्या उष्ण पट्ट्यात पारा रोजच दुपारी उतरतो. सकाळी दहापर्यंत चढतो, चारपर्यंत उतरतो, रात्री पुन्हा चढतो. समुद्राला भरती-ओहोटी, तशी हवेलाही. तीन तासांपूर्वीचा आकडा बघू नका. कालचा, याच वेळेचा बघा.”

त्या दिवशी होडी बांधून बसावं लागलेला एक तरुण खलाशी तणतणत केंद्रावर भांडायला आला होता. भांडण चांगलं तासभर चाललं. वर्षभरात त्याच भांडखोराशी बाईंचं लग्न झालं. पुढे तो समोरच्या बेटावर जाणाऱ्या प्रवासी लाँचचा कप्तान झाला. बाई मात्र त्या लाँचवर कधी चढल्या नाहीत. हलती होडी नुसती पाहिली तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. “समुद्राचा पगार खाते आणि समुद्राला घाबरते,” असं नवरा चारचौघांत सांगायचा, वर त्या जुन्या बावट्याची गोष्टही जोडायचा.

बाईंनी मात्र म्हाताऱ्या साहेबांचं वाक्य गाठीला बांधलं. वहीतल्या प्रत्येक आकड्याखाली, कालच्या याच वेळेपेक्षा किती फरक, हे त्या पेन्सिलीनं लिहीत. नवे साहेब आले, अंगणात आपोआप दाब मोजणारं मशीन बसलं, तीन तासांचा फरक पडद्यावर दिसू लागला. “बाई, ती पेन्सिल आता म्युझियममध्ये द्या,” साहेब हसून म्हणाले. बाईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि कामाला लागल्या.

तो दिवस उजाडला तेव्हा आठवडाभर वारा पडलेला होता. समुद्रात पाय बुडवला तर गार वाटत नव्हतं, इतकं पाणी तापलेलं. नऊ वाजताचा आकडा सहाच्या आकड्याइतकाच आला.

“फरक शून्य. स्थिर आहे, छान,” साहेब पडद्याकडे बघत म्हणाले.

बाईंनी वजाबाकी केली आणि पेन्सिल तशीच हातात राहिली. कालच्या नऊपेक्षा पावणेतीन मिलिबार खाली. “साहेब, सहा ते नऊमध्ये तो चढायला हवा होता. चढलाच नाही.”

“पण उतरलाही नाही ना?”

“रोज चार पोळ्या खाणारा माणूस ताटावरून उपाशी उठला, तर घरच्यांनी काळजी करू नये? वजन कुठं उतरलंय म्हणायचं?”

साहेब माणूस वाईट नव्हता, नियमाबाहेर पाऊल टाकायला भीत होता. उपग्रहाच्या चित्रात दक्षिणेला ढगांचा एक पुंजका दिसत होता, पण असे पुंजके या दिवसांत पैशाला पासरी. बावट्याचा हुकूम मुख्य कार्यालयाकडून यायचा, आणि तिकडून ‘लक्ष ठेवा’ एवढंच आलं होतं. “बाराचा आकडा बघू,” साहेब म्हणाले.

लाँच साडेअकराला सुटायची. बेटापर्यंत दोन तास. बाराला ती भर समुद्रात असणार होती, चौतीस प्रवाशांसकट.

बाईंनी नवऱ्याला फोन केला. “अहो, आजची फेरी थांबवा.”

“बावटा कुठंय?”

“बावटा नाही. मी सांगतेय.”

“तुझं ऐकून एकदा दिवसभर होडी बांधून बसलोय मी,” तो हसला आणि फोन ठेवला. पिकतं तिथं विकत नाही, ते असं.

“बाराचा आकडा तुम्ही वाचा,” बाई साहेबांना म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या. काम टाकून त्या कधी उठल्या नव्हत्या. धक्क्यावर त्यांनी खिडकीतून तिकीट काढलं, फळीवरून डोळे मिटून लाँचवर चढल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या.

इंजिन सुरू करायला आलेला नवरा जागीच थबकला. “तू इथं काय करतेस? उतर.”

“तिकीट काढलंय.”

“अगं, उलट्या होतील तुला.”

“होऊ देत. तुम्ही जाणार असाल तर मीही येणार.”

“लोक बघतायत.”

“बघू देत.”

तो आणखी काहीतरी बोलणार होता, पण त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. बाकाची कड तिनं अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. तिचा राग त्यानं अठरा वर्षं पाहिला होता. तिला इतकी घाबरलेली तो पहिल्यांदाच पाहत होता, आणि तरी ती उतरत नव्हती. तो मागं फिरला.

“इंजिनात खोट आहे,” त्यानं प्रवाशांना सांगितलं. “तासभर लागेल. शेडमध्ये बसा.”

लोक कुरकुरत उतरले. एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन सगळ्यांच्या मागून उतरली. बेटावर आई वाट बघत असेल, असं ती दोनदा म्हणाली.

बारा वाजून दहा मिनिटांनी साहेब स्कूटरवरून धापा टाकत आले. “कालच्या बारापेक्षा पाच खाली! मुख्य कार्यालयाचा फोन लागत नाहीये. बावटा चढवा, सही मी करतो.”

पाऊण तासात दक्षिणेकडून काळोखी आली आणि वाऱ्यानं तिकीट-खिडकीचं दार उपटून नेलं. लाटा धक्क्याच्या भिंतीवरून अलीकडे पडू लागल्या. किनाऱ्याजवळच्या तापलेल्या पाण्यावर छोटंसं वादळ तयार झालं होतं. त्याची बातमी मुख्य कार्यालयाकडून दीड वाजता आली. बेटावरूनही फोन आला, की इथल्या बावट्याची खबर फोनवर कळताच तिकडच्या सगळ्या होड्या परतल्या आहेत. तेव्हा कुठं पाराबाईंचा जीव भांड्यात पडला. शेडच्या कोपऱ्यात, सगळ्यांदेखत, त्या पोटभर रडल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

चारच्या सुमारास वारा पडला. बाळाची आई कप्तानाजवळ आली. “बरं झालं हो, नेमकं आजच तुमचं इंजिन बिघडलं.”

शेडमधले बाकीचेही माना डोलावू लागले. कप्तानानं एकदा बायकोकडे बघितलं.

“इंजिन ठणठणीत आहे,” तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “हिनं थांबवलं. मला ऐकायला अठरा वर्षं लागली.”