गेटवेचा रकाना

महाडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते, तेव्हा मला विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचं नवीनच वेड लागलं होतं. मासिकासोबत फुकट आलेली सीडी टाकून मी क्लासच्या इंटरनेटवाल्या कॉम्प्युटरवरचं विंडोज पुसून लिनक्स चढवलं आणि सगळ्यांना सांगत सुटले, "आता हा कधी अडायचा नाही."

आठवडाभरात तो अडला.

मोडेम नेहमीसारखा फोन लावायचा, किंचाळायचा, कनेक्शनही जुळायचं. पण पान म्हणून एक उघडेना. आणि नेमका मंगळवार. मंगळवारी तुडीलहून एक भाभी यायची. नवरा कुवेतला ड्रायव्हर. तो मराठी लिही, पण इंग्रजी अक्षरांत. ती अक्षरं भाभीला येत नसत, म्हणून त्याच्या मेल मी वाचून दाखवायची.

"लाईन खराब आहे हो," मी म्हटलं. भाभी परत गेली.

पुढच्या मंगळवारी मी टेलिफोनच्या लाइनमनलाच बोलावून ठेवलं. त्याने रिसीव्हर कानाला लावला, दोनदा नंबर फिरवला. "मॅडम, लाईन एकदम क्लिअर हाय." चहा घेऊन तो गेला.

"आता कुनावर ढकलनार?" भाभीने साळसूदपणे विचारलं.

मी की-बोर्ड बडवत राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "माझी शिलाईची मशीन अडली ना, की मी पयलं बघते, शेवटचा हात कुठं लावला होता. तुम्ही कुठं लावलात?"

"कुठेच नाही," मी फणकारले. आणि तेवढ्यात आठवलं. गेल्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी मी हा आणि शेजारचा कॉम्प्युटर केबलने जोडले होते. त्या वेळी भरायच्या माहितीत 'गेटवे', म्हणजे बाहेर जायचं दार, असा एक रकाना होता. रिकामा रकाना मला बघवत नाही. मी त्यात शेजारच्या कॉम्प्युटरचा पत्ता ठोकून दिला होता.

मग लॉग उघडला, कॉम्प्युटर स्वतःच्या कामाची ठेवतो ती नोंद. लॉग म्हणजे काय, हे मी मुलांकडून वहीत लिहून घ्यायची. स्वतः मात्र दोन आठवड्यांत एकदाही वाचला नव्हता. दर कनेक्शनला तीच ओळ: डिफॉल्ट रूट आधीच नेटवर्क कार्डावर आहे, तो बदलत नाही. म्हणजे बाहेर जायचं ते सगळं मोडेमकडे न जाता केबलवरून शेजारच्या कॉम्प्युटरकडे जात होतं. आणि त्या बिचाऱ्यात टायपिंगच्या धड्यांखेरीज काही नव्हतं.

तो रूट काढला, रकाना पुसला, पुन्हा फोन लावला. तीन मेल आल्या. शेवटची वाचताना माझा आवाज जरा खाली गेला. "रागावलीस काय? उत्तर का नाय?"

भाभी खो खो हसली. "लिवा, मी नाय रागावले. मॅडमचा कॉम्प्युटर रागावला."

मी हळूच 'तांत्रिक अडचण' असं टाइप केलं आणि चुकून मोठ्याने वाचलं.

"अडचण कसली? तुमची चूक हाय. तसंच लिवा."

लिहिलं. निघताना ती म्हणाली, "ती अक्षरं मला शिकवा आता. तुमच्या भरवशावर किती दिवस काढू?"

पावसाळा संपेपर्यंत ती स्वतः वाचायला लागली. माझ्याकडे पाठ करून बसायची, एका बोटाने कळ दाबत खाली सरकायची आणि मध्येच हसायची.

"काय लिहिलंय?" मी एकदा न राहवून विचारलं.

"तुमचं काय काम?" भाभी म्हणाली, आणि मॉनिटर आणखी थोडा स्वतःकडे फिरवला.