सुराबिगर बँड

निवृत्ती ढोलवाला म्हणजे अडेलतट्टू, असं चाकूरच्या पलीकडच्या त्या गावात कुणीही सांगायचं. खोटं नव्हतं ते. पण अडून बसायलाही माणसाला कारण लागतं, आणि निवृत्तीचं कारण त्याच्या घरात खुंटीला टांगलेलं होतं. बापाची हलगी.

बाप जन्मभर पाटलाच्या दारात ती हलगी बडवत आला. लग्न असो, मयत असो, पोळा असो, सांगावा आला की निघायचं. अनवाणी, सगळ्यांच्या पुढं, उन्हात. पंगती उठल्या की उरलंसुरलं धोतराच्या ओच्यात घ्यायचं आणि मुकाट मांगवाड्यात परतायचं. 'नाही' म्हणायची सोयच नव्हती त्या वाद्याला.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. सगळा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. निवृत्तीच्या शेजारी पाटलाचा पुतण्या खडी फोडायचा, आणि हजेरीच्या मस्टरवर निवृत्तीचं नाव त्या पुतण्याच्या वर! मुकादम रोज मोठ्यानं नावं वाचायचा आणि निवृत्ती रोज कान देऊन ऐकायचा. दुष्काळानं कुणाचं काय काय नेलं, पण निवृत्तीला त्या एका यादीनं जे बिघडवलं ते कायमचं. काम संपलं तसं त्यानं धाकट्या भावाला, नरसिंगला, बरोबर घेतलं, नांदेड गाठलं आणि मोडलेल्या एका बँडचं सामान उचलून आणलं. ढोल, ताशा, दोन पितळी भोंगे, खुळखुळे, एक क्लॅरनेट आणि सात लाल कोट.

"आजपासून आपल्या घरातून हलगी न्हाई, बँड वाजंल," त्यानं वस्तीला सांगितलं. "ज्याला पायजे त्यानं सुपारी देऊन बोलवावं."

गाव हसला. मग हळूहळू बोलवायला लागला. दहा वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला तेव्हा ढोलावरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून निवृत्तीनं स्वतःच्या हातानं 'जि. लातूर' लिहिलं. 'तू' जरा तिरका आला, पण दोन दिवस ढोल अंगणात मांडून ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावा म्हणून.

आणि त्याच नव्या जिल्ह्यानं घात केला. पुढच्या वैशाखात महादेवप्पा पाटलाच्या लेकीचं लग्न निघालं, शुक्रवारचं, आणि सुपारी निवृत्तीच्या बँडला. मंगळवारी नरसिंग हातात कागद घेऊन आला. लातूरच्या नव्या कचेरीत शिपायाची नोकरी. उद्याच हजर व्हायचं.

"नरसिंग्या, शुक्रवार वाजव आणि शनिवारी जा," निवृत्ती म्हणाला.

"दादा, उद्या न्हाई गेलो तर दुसऱ्याला घेतील. लई जण टपून बसलेत."

"मग जा की! क्लॅरनेट ठेव इथं आणि कर त्वांड काळं!"

ओरडला खरा. पण बुधवारी सकाळी भावाची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन एस्टीपर्यंत गेला. राग होता, नव्हता असं नाही. पण आपल्या घरातला माणूस सरकारी कचेरीत चालला, हे मनातल्या मनात त्यानं तीनदा म्हणून बघितलं, आणि तिन्ही वेळा गोड लागलं.

आता बँडचं एक असतं. गाण्याची चाल सगळी क्लॅरनेटवाल्याकडं. बाकीच्यांनी खालून ठेका धरायचा, भोंगेवाल्यांनी पों-पों करायचं. नरसिंग गेला म्हणजे चालच गेली. आणि क्लॅरनेट काय दोन दिवसांत फुंकायची गोष्ट आहे?

निवृत्ती एस्टीवरून थेट पाटलाच्या ओसरीवर गेला. लपवाछपवी त्याला जमत नव्हती.

"मालक, नरसिंग नोकरीला लागला. क्लॅरनेट न्हाई. बाकी बँड येतो."

महादेवप्पा पाटील तसा वाईट माणूस नव्हे. फक्त त्याला सगळं जग आपल्या ओसरीवरून दिसायचं. "हात्तिच्या!" तो हसला. "मग जीव कशाला टांगणीला लावलास? बापाची हलगी हाय ना घरी? काढ ती. तुझ्या बापानं माझं लगीन वाजवलंय."

"दुसरा बँड बघा, मालक."

"नरसिंग चालल्याचं कालच कानावर आलं, तवाच इचारून बसलो. तिथी लई दाट हाय, भोकरपर्यंत एक बँड मोकळा न्हाई."

"मग आमचाच वाजंल. सुराबिगर."

"येडा का खुळा? पाव्हणे हसतील."

"हसू द्या. हलगी वाजणार न्हाई."

पाटलाचं हसू गेलं. "निवृत्ती, नवरदेव मांडवाकडं निघताना हलगी दिसली न्हाई तर माझ्याशी गाठ हाय."

दुपारी खळ्यावर तालीम झाली. ढोल वाजला, ताशा वाजला, भोंगे पों-पों करत राहिले. बायको साखराबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "नुसतं कालवण वाढलंत. भाकर कुठं हाय?"

एक भोंगेवाला हळूच म्हणाला, "दादा, एका दिवसाचं तर हाय. घेऊ की हलगी."

"एक दिवस गळ्यात घातली की ती उतरत न्हाई," निवृत्ती म्हणाला. "शुक्रवारी पाटील म्हणंल, झालं की झ्याक! पुढच्या लग्नाला दुसरा म्हणंल, हलगीच आणा, बँडची काय गरज? मग हे कोट घालून काय ज्वारी राखायची? माझा बाप आयुष्यभर वाजवत गेला, त्याला कुणी इचारलं न्हाई काय वाजवतोस. मला इचारलं पायजे." भीती त्यालाही वाटत होती, पण ती त्यानं कुणाला दाखवली नाही.

शुक्रवारी ऊन असं की मारुतीच्या पाराला हात लावावा तर चटका. नवरदेव घोड्यावर चढला. मारुतीपासून मांडवापर्यंत वाजतगाजत जायचं, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. सहा लाल कोट पुढं उभे राहिले. निवृत्तीनं टिपरू उचललं. ढम्, ढम्, पों-पों.

"आरं, गाणं एस्टीत इसरलात का?" वऱ्हाडातला एक जण ओरडला. हशा पिकला. निवृत्तीच्या कानशिलावरून घाम ओघळला, पण हात थांबला नाही. पन्नास पावलं हसण्यात गेली. शंभर पावलं गेली.

बायकांच्या घोळक्यात पुढं चालत होती रत्नम्मा, पाटलाची थोरली बहीण. सत्तरीची, सगळ्या गावाची अक्का, जिभेला हाड नाही. तिनं मान हलवत ठेका ऐकला आणि सुनांवर खेकसली, "अगं मुडद्यांनो, वळखू येईना व्हय? दहा वर्षं हेच तर वाजवत आलेत!" आणि खणखणीत आवाजात सुरू केलं,

"नवरा बसला रुसून गं, फेट्याला फूल न्हाई म्हणून गं!"

सुना हसल्या आणि पाठीमागून त्यांनी ओळ उचलली. मग पोरी, मग वऱ्हाडाच्या बायका. खालचा ठेका तयारच होता, गाणं त्यावर जाऊन बसलं. दोन ओळींत पुरुषही गायला लागले. मघाचा तो ओरडणारा टोपी उडवत नाचत होता. नवरदेव घोड्यावर फुलासारखा लाल. निवृत्तीला आधी कळेना काय झालं. मग कळलं तेव्हा त्याला रडावं की हसावं हे कळेना, म्हणून त्यानं ढोलच जोरात हाणला.

तेवढ्यात पाटील गर्दी फोडत आला. आपली सख्खी बहीण भर रस्त्यात गाते, पाहुणे नाचतात, आणि हलगीचा पत्ता नाही! "बंद कर! बंद कर म्हणतो ना!"

निवृत्तीनं हात वर केला. ढोल थांबला, भोंगे थांबले, गाणंही अर्ध्यात लटकलं.

"कोण मेलं रे?" रत्नम्मा ओरडली. "का थांबलास?"

"मालकांनी थांबिवलं, अक्का."

नवरदेवाच्या मामानं घोड्याचा लगाम धरला. वरपक्षाचा मामा, त्यात नुकताच नाचायला लागलेला. "पाटील, वाजल्याबिगर आमचा नवरदेव पाऊल उचलणार न्हाई."

"अहो पण मुहूर्त—"

"मुहूर्त तुमच्या मांडवात हाय, नवरदेव आमच्याकडं हाय."

मांडवातून अक्षता वाटल्याची हाक आली. पाटलानं बहिणीकडं बघितलं, तिनं तोंड फिरवलं. व्याह्याकडं बघितलं, तो आभाळाकडं बघत होता. शेवटी पाटील दातओठ खात निवृत्तीला म्हणाला, "वाजव."

निवृत्ती जागचा हलला नाही. टिपरू खालीच.

"काय वाजवू, मालक?"

पाटलानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"बँड," महादेवप्पा पाटील म्हणाला. "बँड वाजव, निवृत्ती."

मग निवृत्तीनं ढोलावर असा टोला हाणला की नवरदेवाचं घोडं मागच्या पायांवर उभं राहिलं.