तारखेच्या भाकऱ्या

मुलीकडे परदेशात आलेय. तिच्या खिडकीसमोरच इथलं जिल्हा न्यायालय आहे. दुपारी त्याच्या पायऱ्यांवर दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून आपापला डबा खात होती. "दावा असेल दोघांचा," मुलगी म्हणाली.

मला आमचं जिल्हा कोर्ट आठवलं. बांधावरून बाबा आणि धाकटे काका भांडले, तालुक्याला निकाल लागला आणि अपील तिथं गेलं. तारखेला दोघं एकाच एसटीनं जायचे. आवारातल्या चिंचेखाली आईच्या भाकऱ्या आणि काकूचा ठेचा एकाच फडक्यावर मांडायचे.

"वहिनीच्या भाकरीला तोड नाही," काका म्हणायचे.

"हे तुझ्या वकिलासमोर म्हण की," बाबा हसायचे.

पुकारा झाला की हात धुऊन दोघं आत जायचे, एकमेकांविरुद्ध उभे राहायला. पुढची तारीख पडली की घरी आईला बरंच वाटायचं.

शेवटी बाबा जिंकले. त्यानंतर दोघा भावांनी एकत्र भाकरी खाल्ल्याचं मला आठवत नाही.

खाली ती माणसं अजून पाठमोरीच होती. वाटलं, जाऊन सांगावं, निकाल लागायच्या आत एकदा तरी वळून बसा रे.