चार चौकोनांतला पत्ता

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. एकदा आमचे मालक कुठल्याशा बैठकीतून ऐकून आले की इंटरनेटवर प्रत्येक कॉम्प्युटरला जो पत्ता असतो तो आता नव्या पद्धतीचा निघालाय, जुने संपत आले. मला बोलावून म्हणाले, "आपल्याकडं जुनं काय ठेवायचं न्हाई. समदं नवं करून टाक."

"दोन्ही पत्ते काही दिवस शेजारी-शेजारी चालू ठेवू," मी म्हणालो.

"अर्धवट काम मला जमत न्हाई."

मी रविवारी नवे पत्ते चालू करून जुने बंद केले. सोमवारी सकाळी माल पाठवण्याचा प्रोग्रॅम उघडेना. तो चालवणारे चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, हे पत्ता मागतंय, अन् दिला की घेत न्हाई." प्रोग्रॅम फार जुना. पत्त्यासाठी त्यात आकड्यांचे चार चौकोन. नवा पत्ता लांबलचक, त्यात इंग्रजी अक्षरंही. बिलं निघेनात आणि भरलेले ट्रक फाटकातच उभे राहिले.

मालक म्हणाले, "मग जरा लहान पत्ता माग की."

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कुर्डुवाडीला असतो असं कळलं, म्हणून गाडी पकडली. त्यांचं आता मंगल कार्यालय होतं. ते खुर्च्या मोजून घेत होते. मी काम सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला.

"अजून चालतंय व्हय ते?"

"चालत होतं. दुरुस्त करता येईल का?"

"ज्या कॉम्प्युटरवर लिहिलं तो भंगारात गेला. जेवून जावा मात्र." जिलेबी होती. मी जेवलो.

परत आल्यावर मालकांना न विचारताच जुने पत्ते पुन्हा चालू केले. नवेही राहू दिले. प्रोग्रॅम लगेच उघडला, ट्रक सुटले. मालकांना मी सांगितलं की आता दोन्ही चालू आहेत, जुनं काढलं तर माल अडकेल. त्यांनी थोडा विचार केला.

"नवं चालू हाय न्हवं? मग झालं."

शुक्रवारी राउटरला हार घालून नारळ फोडला. मालकांनी भाषणात जाहीर केलं की कारखान्यानं जुन्याला कायमचा रामराम ठोकलाय. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. चाचा तेवढे नव्हते. ते आत जुन्या पत्त्यावरून बिलं काढत बसले होते. मी त्यांच्यासाठी दोन पेढे कागदात बांधून नेले.