दगडाबाईचे दात

पहाटे दगडाबाईच्या आधी तिचं बोट जागं व्हायचं. बाकीची दगडाबाई मागाहून उठायची. उशाखालची पितळी डबी उघडायची, चिमूटभर मिशरी डाव्या तळहातावर यायची आणि उजवं बोट वरच्या दातांवरून, खालच्या दातांवरून, मग दाढांच्या मागून सावकाश फिरू लागायचं. परसात उकिडवी बसून, समोरच्या उसाकडे बघत ती घासत राही. वाऱ्यानं उसाची पाती हलत, इकडे बोट हले. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलत नसे. म्हैससुद्धा नाही.

मग एक लांब पिचकारी, आणि दिवस सुरू.

दुपारी जेवल्यावर पुन्हा, दिवेलागणीला पुन्हा. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, कुस्करायचं, डबीत भरायचं. कोरेगावच्या पलीकडच्या त्या वाडीत सगळ्याच बायका हे करत. ह्याला कुणी व्यसन म्हणत नसे. "दात सोच्छ राहत्यात," असं दगडाबाई सांगायची, आणि सांगताना जे दात दिसत ते नुकतीच जांभळं खाल्ल्यासारखे असत.

व्यसन म्हणजे काय ते तिच्या घरात वेगळंच होतं. तिचा नवरा मानसिंग पलटणीतून नाईक म्हणून घरी आला, तो एक पत्र्याची ट्रंक, एक शिट्टी, पेन्शन आणि दारू घेऊन. पलटणीत रम मापानं मिळायची. गावात माप नव्हतं. दिवे लागले की तो आपल्या दोस्ताबरोबर, गुंड्याबरोबर, ओढ्याच्या पलीकडे हातभट्टीवर जायचा आणि परत आल्यावर म्हशीला "सावधान!" म्हणायचा. म्हैस उभीच असायची, त्यामुळे त्याला वाटायचं, हुकूम पाळला. मग तो तिला "विश्राम" द्यायचा आणि स्वतःच आडवा व्हायचा.

गाव हसायचं. दगडाबाईही आधी हसली. मग हसू आटलं. पुढे रंगूला, औंधाला दिलेल्या तिच्या एकुलत्या लेकीला, दिवस गेले, आणि विहिणीचा निरोप आला. विहीणबाई हरणाबाई तोंडानं फटकळ. निरोप घेऊन आलेल्या माणसानं तो जसाच्या तसा ओसरीत उभं राहून सांगितला: "पयलं बाळतपण म्हायेरी, ह्ये मला बी कळतंय. पण पोर जन्मल्या जन्मल्या आजा त्याला सावधान करणार आसंल, तर ऱ्हाऊ द्या. दारू सुटली म्हंजी कळवा. मी सोता येऊन बघीन, मग लेक धाडीन."

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी नाही, म्हणजे आईच्या जन्माला काय अर्थ? दगडाबाई त्या दिवशी दुपारची मिशरी दोनदा लावून बसली.

त्याच सुमारास साताऱ्याहून विजयमालाबाई वाडीत येऊ लागल्या होत्या. त्या ग्रामसेविका. दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली होती, ऊस पुन्हा उभा राहिला होता, हातात पैसा खेळू लागला होता आणि ओढ्यापलीकडची भट्टी जोरात होती. विजयमालाबाईंनी भट्टीवर दगड मारायला लावले नाहीत, भाषणही केलं नाही. त्यांनी फक्त शाळेच्या खोलीत दिवेलागणीला एक बैठक सुरू केली. सतरंजी, चहा, आणि ज्यांना सोडायची आहे ते पुरुष. त्यांचं म्हणणं, "माणूस दारूला जातो त्याच वेळेला त्याला दुसरीकडे बसायला जागा पाहिजे." आणि एक नियम: प्रत्येकाला घरातला एक जोडीदार. तो दारू सोडणार, तर जोडीदारानंही आपली आवडती एक गोष्ट सोडायची. दोघांतला कुणी चुकला, तर त्यानं बैठकीत उभं राहून सांगायचं.

गुंड्याला घरात कुणी नव्हतं. तो म्हणाला, "माझी जोडीदार मानसिंगाची म्हस करा. ती वैरण सोडंल."

दगडाबाई मानसिंगला हाताला धरून घेऊन गेली. विजयमालाबाईंनी विचारलं, "तुम्ही काय सोडणार, दगडाबाई?"

"कारलं," दगडाबाई चटकन म्हणाली. "लय आवडतं मला."

"खोटं बोलतीया!" मानसिंग म्हणाला. "लगीन झाल्यापासनं कारल्याला शिवली न्हाई ती. बाई, तिला मिशरी सोडाया सांगा."

दाराशी उभ्या असलेल्या बायकांनी हळूच ओठ मिटून घेतले.

"आवं, मिशरी का व्यसन हाय?" दगडाबाई म्हणाली.

"मग सोड की."

"सोडते. त्यात काय!"

बाकीच्या बाप्यांनी हे ऐकलं आणि ज्याला त्याला तेच सुचलं. त्या संध्याकाळी बैठक उठली तेव्हा निम्म्या वाडीची मिशरी सुटली होती, आणि बायका घरी जाताना दगडाबाईकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती नजर तिला पुढे कितीतरी दिवस पाठीला टोचत राहिली.

पहिले दिवस मानसिंगला फार जड गेले. हात कापायचे, घामानं सदरा भिजायचा, भिंतीवर नसलेले किडे दिसायचे. विजयमालाबाईंनी त्याला एस.टी.नं साताऱ्याला नेलं, डॉक्टरांना दाखवलं. तिथून तो गोळ्या आणि थोडी झोप घेऊन परत आला. अंगात पुन्हा बळ आलं तसं त्याला काय करावं सुचेना. म्हणून त्यानं घराची पलटण केली. वाकळांच्या घड्या कोपऱ्याला कोपरा लावून पडू लागल्या. पहाटे शिट्टी वाजू लागली. कोंबड्या रांगेत राहिनात, म्हणून तो त्यांच्यावर रोज नव्यानं चिडू लागला.

दगडाबाईचं वेगळंच. तिचं पोटच साफ होईना. बोट नुसतंच दातावर फिरायचं आणि रिकामं परत यायचं. तिनं कोळसा घासून बघितला, राख बघितली, भाजलेला चहा बघितला, जळकी भाकरीसुद्धा बघितली. म्हशीशी भांडली. शेजारच्या राहीबाईशी भांडली. उसाची पाती सळसळली तर म्हणाली, "गप ऱ्हावा की जरा!"

रोज सकाळी ओसरीवर तपासणी व्हायची. आधी ती त्याची घ्यायची.

"हा करा."

"हाऽ."

"लांबून न्हाई. जवळ या."

मग तो शिट्टी खिशात घालून तिच्यासमोर ताठ उभा राहायचा. "दात दाखीव."

"ईऽ."

"मागचं."

"मागचं काय दाखवू, घसा?"

राहीबाई हे बघायला कुंपणाशी येऊन उभी राहायची. तिच्या नवऱ्यानं चोरून घेतली तर तिला तेच हवं होतं. मग, बायकांच्या हिशेबानं, तिला डबी उघडायला मोकळीक. पण तो हट्टी, काही केल्या पिईना. "मेल्याला आताच शाणपण सुचायचं हुतं," असं ती म्हणायची.

औंधाला निरोप गेला. हरणाबाईनं उलट कळवलं, येते.

ती येणार त्या दुपारी मानसिंग सदरा इस्त्री करून, टोपी सरळ करून एस.टी. थांब्यावर गेला. दगडाबाईनं सारवलं, पुरणाचं वाटलं, आणि मग एकदम तिचा जीव घाबरा झाला. विहीण काय म्हणंल? घर पसंत पडंल का? रंगू येईल का? बोट आपसूक दातांवर गेलं. छपराच्या वळचणीला एक तंबाखूचं पान कधीचं खोचलेलं होतं. एकदाच. जिवाला तेवढाच आधार. ती गोठ्यात गेली, तीन दगडांवर तवा ठेवला आणि पान टाकलं.

भाजल्या तंबाखूचा वास गोठ्यात बसून राहत नाही, हे तिला जन्मभर ठाऊक होतं. त्या दिवशी विसरली.

आधी राहीबाई आली. "इरजण हाय का गं?"

"न्हाई."

"बरं." आणि ती जाईना. तिथंच बसली.

मग भामाबाई आली, तिला सुई हवी होती. मग एक म्हातारी आली, जी वर्षभर बाजेवरून उठली नव्हती. तिला काही नको होतं. ती नुसती आली. थोड्याच वेळात गोठ्यात बायका मावेनात. तव्याभोवती सगळे डावे तळहात उघडे पडले होते, आणि उजवी बोटं वाट बघत होती. म्हैस कोपऱ्यात सरकून उभी होती.

बाहेर मानसिंगचा खणखणीत आवाज आला. "या विहीणबाई! बगा घर!" मग तो वास घेत थांबला असावा, कारण चपलांचा आवाज तिथंच तुटला.

गोठ्याच्या दारात हरणाबाई उभी राहिली. तिनं बायका बघितल्या, तवा बघितला, नाकानं एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "आगं तवा आधी तापवावा, मग पान टाकावं. करपलीया न्हवं ही!"

म्हणाली, आणि मागे उभ्या मानसिंगकडे बघून तिनं जीभ चावली. मग पदर सावरून घसा खाकरला. "माझं सोडा. म्या काय नियम केला न्हवता. ह्या घराचं काय ते सांगा."

मानसिंगनं दगडाबाईच्या, पान उलटून काळ्या झालेल्या बोटाकडे बघितलं, टोपी नीट केली आणि पाठ फिरवून चालू लागला. ओढ्याच्या बाजूला.

दगडाबाईनं तवा तसाच सोडला. आपण मोडलं, आता तो मोकळा; आणि विहीण डोळ्यांनी बघतेय. पोरीचं म्हायेर आपल्या हातानं गेलं. ती तशीच अनवाणी त्याच्यामागे पळाली. तिच्यामागे हरणाबाई, तिच्यामागे सगळा गोठा.

ओढ्याच्या अलीकडे वाट फुटते. एक भट्टीकडे, एक शाळेकडे. वळणावर बाभळी आडव्या आल्या, तिला तो दिसेना. ती भट्टीकडेच वळणार, तेवढ्यात शाळेतून गुंड्याचा आवाज आला. "आरं मानसिंगा, आज लय लौकर?"

मानसिंग सतरंजीवर मांडी घालून बसला होता. दिवे लागायला अवकाश होता.

बैठक भरली. विजयमालाबाई आल्या. दगडाबाई उभी राहिली. पुरुषांसमोर ती आजवर कधी अशी उभी राहिली नव्हती. "म्या मिशरी भाजली," ती म्हणाली. "लावली न्हाई. पर लावणार हुते."

"सुटलास गड्या!" गुंड्या टाळी देत म्हणाला. "जोडीदारीण पडली. चल!"

मानसिंग उठला. सगळ्यांना वाटलं, चालला.

"प्यावंसं लय वाटतंय," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. आत्ता बी वाटतंय. पर म्या प्यालो, तर उद्या सकाळी हिचं दात कोण बगणार? पंधरा वरसं दुसऱ्यांनी माझं बटण तपासलं. आता कुठं म्या तपासावं आसं कोण तरी घावलंय. त्यो हुद्दा म्या सोडत न्हाई." आणि तो खाली बसला.

विजयमालाबाई चष्मा पुसू लागल्या. दारातून हरणाबाई म्हणाली, "रंगूला फुडल्या ऐतवारी धाडते." मग जरा थांबून, "आन् ह्या गुंड्याला जोडीदार न्हाई म्हणं. माझं नाव लावा. मेल्या, तू प्यालास तर औंधास्नं येऊन तंगडी मोडीन."

गुंड्याचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा भट्टीवरसुद्धा कधी झाला नव्हता.

रंगू आली. मुलगा झाला. बाराव्या दिवशी मानसिंगनं त्याला मांडीवर घेतलं, पण सावधान काही म्हटलं नाही.

पुढे सगळं सरळ गेलं असं नाही. मानसिंग एकदा यमाईच्या यात्रेत घसरला, एकदा काहीच कारण नसताना. दोन्ही वेळा बैठकीत उभा राहिला. दगडाबाई त्याहून जास्त वेळा उभी राहिली. हळूहळू तिचे दात उजळत गेले, फक्त मागच्या दाढा काळ्याच राहिल्या, आणि ती हसताना तोंडावर पदर घ्यायची विसरू लागली.

चारपाच वर्षांनी, थंडीत, तिला ताप भरला. नातू आजोळी आला होता. अंगणात बाजेवर पडून ती त्याचा दंगा बघत होती. उन्हं उतरली. मानसिंग बैठकीला निघण्याआधी तिच्या उशाशी वाकला, पाणी हवं का म्हणाला. तिनं नको म्हणून मान हलवली आणि एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही, म्हणून मग ते तिचं शेवटचं बोलणं ठरलं.

"पोराची चड्डी दांडीवर हाय, तेवढी काढून ठिवा. दव पडंल."